आत्या, तुमची चंची मी हिसकावली

परवा तुमचा तेरावा झाला, आत्या, आणि गावात माझं नाव झालं. पाहुण्यांची पंगत बसलेली असताना सुनेनं नणंदेच्या हातातून सासूची पानसुपारीची चंची हिसकावली, असं अणदूरभर झालंय. खरं आहे. हिसकावली. चंचीचा एक बंद तुटला, तो अजून मंगलवन्संकडंच असेल.

मेलेल्या माणसावर राग धरू नये, असं तुम्ही म्हणायचात. मग कुणावर धरायचा तेही सांगून जायचं होतं. मी तुमच्यावर चिडले आहे. त्या दवाखान्यावर चिडले आहे. आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, पण त्याचं कारण परवापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पंगतीत सगळे एकच बोलत होते. "वय झालतं." "खुबा मोडला की म्हातारं माणूस ऱ्हात न्हाय." "सोन्यावानी मरण आलं, कुणाला तरास न्हाय दिला." मी वाढत होते आणि हातातली पळी कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती. तुमचा खुबा चांगला बसला होता, आत्या. शेळ्यांच्या गोठ्यात पाय घसरला, हाड मोडलं, शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही वॉकर धरून उभ्यासुद्धा राहिलात. डॉक्टर म्हणाले, आजी दोन-तीन महिन्यांत शेळ्यांमागं जातील. तुम्ही खुब्यानं गेला नाहीत. लघवीतल्या जंतूंनी गेलात. पण हे पंगतीत कुणी बोलत नाही. छातीनं गेले, पोटानं गेले, हे चालतं. लघवीनं गेल्या म्हणायची लाज वाटते. त्या लाजेचाच मला राग येतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, ते आठवतं का तुम्हाला? मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आलेली, घरातली पहिली शिकलेली सून. तेव्हा घरात संडास नव्हता, गोठ्यामागं बोरीच्या झुडपाआड जावं लागायचं. त्या दिवशी सकाळपासून लघवीला आग होत होती. दर थोड्या वेळानं जावंसं वाटायचं, आणि ओसरीवर मामंजी, दीर, पाहुणे. मी ओठ घट्ट दाबून भाकरी थापत होते. तुम्ही परातीशी येऊन बसलात.

"काय हुतंय गं? चारदा गेलीस मघापासनं."

मी मान खाली घातली.

"जळजळ हुतीया न्हवं? लाजू नगंस. नव्या नवरीला हुतंय असं."

तुम्ही मला हाताला धरून मागं नेलंत आणि वाटेकडं तोंड करून उभ्या राहिलात. "म्या पाठ करून हुबी हाय. कुणाला येऊ देत न्हाय. सावकाश बस." तेवढ्यात मामंजी गोठ्याकडं यायला लागले, तर तुम्ही तिथूनच ओरडलात, "तिकडंच थांबा, शेळी व्याली हाय!" कुठली शेळी व्याली होती, आत्या? सगळ्या शेळ्या तर रानात होत्या. मी झुडपाआड बसून रडत होते आणि हसतही होते. सासर मला त्या दिवशी आपलं वाटलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग तुम्ही कमरेची चंची सोडलीत. एका खणात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी, आणि सगळ्यांत आतल्या खणात कात्रीनं एकेक कापलेल्या गोळ्या. कापताना नावं गेलेली, तारखा गेलेल्या. तुम्ही रंगावरून ओळखायचात. लाल-पांढरी लघवीची, पिवळी तापाची, गुलाबी हगवणीची. मला तीन लाल-पांढऱ्या दिल्यात. दोन खाल्ल्यावर मला बरं वाटलं, तिसरी मी परत केली आणि तुम्ही ती पुन्हा त्याच खणात ठेवलीत. "कुणाच्या तरी कामाला यील." अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडू नये, यावर मला परीक्षेत प्रश्न आला होता. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तशा तुमच्या गोळ्या फिरायच्या. उमरग्याला, धाराशिवला कुणी डॉक्टरकडं गेलं की बरं वाटल्यावर उरलेली पट्टी तुमच्याकडं आणून द्यायचं. औषध उकिरड्यावर टाकायचं नाही, असा तुमचा दंडक. मग तीच गोळी कुणाच्या सुनेला, कुणाच्या म्हातारीला, आणि गुळात घालून अर्धी शेळीलासुद्धा. दोन दिवसांत बरं वाटलं की बंद. गरज सरो, वैद्य मरो. सगळी गल्ली तुम्हाला दुवा द्यायची आणि मी तोंड शिवून बसायचे, कारण मीही त्यातलीच होते.

एकदा तुम्ही उमरग्याच्या बाजारात बोकड विकून माझ्या लॅबमध्ये आलात. मी तुम्हाला कल्चरची प्लेट दाखवली. बशीएवढ्या डबीत जंतू वाढवायचे आणि वर औषध लावलेले कागदाचे बारके गोल ठेवायचे. औषध लागू असेल तर गोलाभोवती मोकळं रिंगण राहतं. नसेल तर जंतू गोलाला खेटून उगवतात. त्या प्लेटवर एकाच गोलाभोवती रिंगण होतं. बाकीच्यांना जंतूंनी विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्ही डोळे बारीक करून बराच वेळ बघितलंत.

"म्हंजी लांडगा कुत्र्याला भीत न्हाय आता."

"हो, आत्या! अगदी तसंच."

"कुत्र्यानं एकदा अर्ध्यात सोडलं की लांडगा शाणा हुतोय. दुसऱ्या खेपंला दांडगा हून येतोय."

मला इतका आनंद झाला की मी तुमच्यासाठी चहाबरोबर क्रीमरोल मागवला. कोर्सला दोन वर्षं घासून जे माझ्या बरोबरच्या पोरांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत. आणि तिसऱ्याच दिवशी मी घरी आले तर तुम्ही शेजारच्या कमलच्या तळहातावर दोन लाल-पांढऱ्या ठेवत होतात.

त्या दिवशीचं भांडण आपलं सगळ्यांत मोठं. ते संपलंच नाही.

"लांडग्याचं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणले. मग?"

"मग हे काय चाललंय?"

"मग तिनं कुठं जावं, ते सांग. दवाखान्यात गेली की डॉक्टर इचारतोय नवऱ्याला, काय हुतंय. नवरा म्हणतोय, प्वाट दुखतंय. मग पोटाची गोळी घिऊन घरी. माझ्याजवळ ती खरं सांगती."

"मी बाटली देते. लघवी तपासून मग औषध घेऊ दे."

"अन् बाटली कोण नेणार? नवऱ्याच्या गाडीला अडकवून धाडू व्हय उमरग्याला? तू नेणार हाईस का रोज?"

"मी काय बायकांच्या मुताच्या बाटल्या घेऊन एसटीत बसू?"

"मग म्याबी गोळ्या देणारच."

मी दार आपटलं. तुम्ही शेळ्यांवर ओरडलात. आठ दिवस आपण महादेवच्या तोंडून एकमेकींशी बोललो. माझा नवरा बिचारा एकाच खोलीत बसून "आई म्हणतीया" आणि "सविता म्हणतीया" करत होता. चूक तुमची होती, हे मी आजही म्हणते. पण प्रश्न तुमचा खरा होता आणि मी त्याला उत्तर दिलं नाही, दार आपटलं.

आता दवाखान्याचं बोलते.

ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातली, ते बरोबरच होतं. तुम्ही वॉकर धरून उभ्या राहिलात त्या दिवशी ती निघायला हवी होती. नळी जितके दिवस आत, तितकी जंतूंना वर चढायला शिडी. हे मला माहीत होतं, त्या दवाखान्यालाही माहीत होतं. मी सिस्टरला विचारलं. ती एकटी आणि अख्खा वॉर्ड तिच्या अंगावर. म्हणाली, "राउंडला डॉक्टर सांगतील." राउंडला डॉक्टरांनी हाड बघितलं, टाके बघितले, मान डोलावली आणि पुढच्या कॉटकडं गेले. हाड त्यांचं होतं, टाके त्यांचे होते. नळी कुणाचीच नव्हती. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयनं लघवीची पिशवी उचलून तुमच्या पोटावर ठेवली आणि साचलेली लघवी नळीतून मागं जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली. "पिशवी खाली धरा हो," मी म्हणाले. "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यानं विचारलं. मी गप्प बसले. त्या मॅडमच्या मुस्काटात मारावीशी वाटते आता.

पण तुम्हाला लिहायला बसले ती पुढच्या गोष्टीसाठी.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी वन्सं चहा आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही माझा पदर ओढलात.

"सविते, ही नळी काढाय सांग त्यास्नी. मला बाहीर ने. तू नुस्ती पाठ करून हुबी ऱ्हा."

मी म्हणाले, "राहू द्या, आत्या. सोयीचं आहे. चादर भिजत नाही, वन्संना उचलावं लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मला कामावर हजर व्हायचं होतं. वन्संची कंबर धरलेली. नळी काढली असती तर तुम्हाला दिवसातून सात-आठ वेळा उठवून न्यावं लागलं असतं. हे सगळं मी मनात मांडलं, तोललं आणि नळी राहू दिली. सिस्टरचं, डॉक्टरांचं, वॉर्डबॉयचं मी तावातावानं सांगते, पण त्या सकाळी जरा जोर लावून भांडले असते तर नळी निघाली असती. मला भांडता येतं. तुमच्याशी आयुष्यभर भांडले की.

तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडं तोंड केलंत. तुम्ही कधी माझ्याशी "बरं" म्हणून वाद सोडला नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नवव्या दिवशी महादेवचा फोन आला, आईला हुडहुडी भरलीय. मी पोचले तेव्हा तुमचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि तुम्ही मला कमल समजून बोलत होतात. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कुठल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या होत्या का?" मंगलवन्सं ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या आईनं जन्मात गोळी खाल्ली न्हाय." चंची तुमच्या उशीखाली होती, आणि तिच्यातल्या गोळ्या तुम्ही स्वतःही खायचात हे मला ठाऊक होतं. आधीच्या भेटीत तुम्ही शेजारच्या कॉटवरच्या आजीला हळूच पिवळी गोळी सरकवताना मी बघितलं होतं आणि मला हसू आलं होतं. आता डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या. चारचौघांत सासूची चंची काय उघडायची, म्हणून मीही मान हलवली. नाही म्हणाले.

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. तोवर अंदाजानं औषध चालू होतं. मी तो कागद जिन्यात उभी राहून वाचला. औषधांच्या नावांसमोर एकाखाली एक आर, आर, आर. आर म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. हे अक्षर मी रोज टाईप करते, आत्या. चहा पिता पिता करते, शेजारणीशी गप्पा मारत करते. कागद पाकिटात घालून खिडकीतून देते आणि पुढची बाटली उचलते. समोर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मी कधी नीट बघितला नव्हता. त्या दिवशी तो हात माझा होता.

तुमच्या लाल-पांढरीसमोर आर होता. इंजेक्शनांसमोरही आर. खालून दुसऱ्या ओळीत एक औषध लागू होतं. तेही मूत्रपिंडावर भारी पडणारं, आणि तुमची मूत्रपिंडं तोवर थकली होती. तो जंतू तुमच्या चंचीनं दांडगा केला, की त्या वॉर्डातच दांडगा झालेला नळीवाटे चढला, हे मला सांगता येत नाही. लॅबमध्ये जंतूचं नाव निघतं, त्याचं गाव निघत नाही. म्हणून तर राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. कागदावर लिहून दिलं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. नळीचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

तर तेरावा. दुसरी पंगत उठली होती. कमल माजघराच्या दाराशी येऊन वन्संच्या कानाला लागली. मी भात घेऊन निघाले होते, मला ऐकू आलं. "लई आग हुतीया दोन दिवस झालं. आत्या असत्या तर..." आणि वन्संनी डोळे पुसत खुंटीवरची चंची काढली, आतल्या खणात बोटं घातली. "घे गं. आईच्या हातची म्हणून घे." दोन लाल-पांढऱ्या.

भाताचं पातेलं मी कुठं ठेवलं ते आठवत नाही. बंद तुटल्याचा आवाज आठवतो.

"आत्या खुब्यानं गेल्या न्हायत!" मी ओरडले. एरवी मी जपून बोलते, पण त्या वेळी तुमचीच बोली तोंडात आली. "लघवीतल्या जंतूंनी गेल्या! ह्या गोळ्यांनी बरं व्हायचं त्यांच्या नशिबात न्हवतं, अन् हिच्याबी असंल का न्हाय, ते तुम्हाला बी ठावं न्हाय अन् मला बी न्हाय!" ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. महादेव "सविता, अगं सविता" करत आत आला. एक पाहुणी म्हणाली, बाईच्या डोस्क्यावर परिणाम झालाय. मग मी वन्संना ते सांगितलं. नळीचं, दवाखान्यातल्या त्या चौथ्या दिवसाचं. तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणाले. आणि राहू द्या का म्हणाले तेही.

मला वाटलं होतं, वन्सं माझ्या झिंज्या धरतील. त्या खाली बसल्या.

"मला का न्हाय सांगितलंस? म्या उचललं असतं की आईला. धा बारी उचललं असतं."

एवढंच बोलल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या कमरेचं कारण पुढं करून मी त्यांच्याकडून आईला उचलायची संधी काढून घेतली होती, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

संध्याकाळी मी चंची रिकामी केली. गोळ्या लॅबच्या कचऱ्यात जाळायला बांधून ठेवल्या, गोठ्यात किंवा उकिरड्यावर नाही. सुपारी, कात, चुन्याची डबी तशीच ठेवून चंची वन्संच्या पिशवीत घातली. तुटलेला बंद त्या लावून घेतील.

काल सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होते. कमल मागच्या दारानं आली. कुणी बघत नाही ना ते बघून म्हणाली, "वैनी, ती बाटली हाय का तुमच्याजवळ?"

माझ्या पर्समध्ये एक असतेच. पण तिच्या घरी ओसरीवर सासरा बसलेला, आणि आमच्या संडासापुढं मुक्कामी पाहुण्यांची रांग. मी तिला गोठ्यामागं नेलं. बोरीचं झुडूप अजून आहे, आत्या, वाढलंय चांगलं. "पहिली धार सोड, मधली भर, झाकण घट्ट लाव," मी म्हणाले आणि वाटेकडं तोंड करून उभी राहिले.

"कुणी यील हो, वैनी."

"कुणी येत नाही. मी आहे इथं. सावकाश बस."

तेवढ्यात लातूरचे मामा तांब्या घेऊन गोठ्याकडं वळले. मी ओरडले, "तिकडंच थांबा, मामा, शेळी व्याली हाय!"

मामा थांबले. झुडपाआड कमल खुदकन हसली. मला हुंदका आला. तो मी तोंडात पदर कोंबून दाबला, नाहीतर पोर घाबरली असती.

बाटली कोमट होती. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये उभी ठेवली आणि उमरग्याची एसटी धरली. रोज नेणार आहेस का, असं तुम्ही विचारलं होतं. नेणार आहे. कुणी नाकाला पदर लावला तरी नेणार आहे. पण मला त्याचं कौतुक नको, आत्या, आणि त्यानं माझा राग उतरलेला नाही. कमलसाठी मला दहा मिनिटं उभं राहावं लागलं. त्या वॉर्डात तुम्हीही तेवढंच मागितलं होतंत.